‘विश्रांती’चा दुसरा भाग आणि कमलबाईंची ज्वारी

वर्ध्यात मला अजून ‘झोपेच्या कॅसेटवाल्या बाई’ म्हणून ओळखणारी माणसं भेटतात. परवा बसस्टँडवर एका गृहस्थांनी हात जोडून विचारलं, “ताई, तिसरा भाग कवा येते?”

मी म्हटलं, “आता नाई येत, भाऊ. आमच्या गल्लीतली लाइन सुधारली.”

उत्तर खरं होतं. पण ते कळायला आधीची हकिकत माहीत पाहिजे, आणि माझी पुलगावची गाडी लागली होती. तेव्हा ती इथे सांगते.

माझं दुकान मूळचं रेडिओ दुरुस्तीचं. वडिलांनी चालवलं, त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा मी खुर्चीवर बसले. बाई सोल्डरिंग करते हे बघायलाच तेव्हा लोक यायचे, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून घरचा रेडिओही घेऊन यायचे. मला दोन्ही चालत होतं.

मग कॅसेट आली. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं आणि आम्ही रेकॉर्डवरून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कायद्याचं तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्यात गाणी अशी बसवायची की शेवटचं मधेच कापलं जाऊ नये. कापलं गेलं की गिऱ्हाईक भांडतं, आणि मागे चार मिनिटं कोरी राहिली तरी भांडतं. त्यामुळे माझं एक लक्ष कायम घड्याळावर. ही सवय पुढे कामी आली.

पुलगावच्या लष्करी डेपोतले जवान घरी पाठवायला बोलकी पत्रं भरून घ्यायचे. एकाने अख्खी बाजू म्हशीबद्दलच्या सूचनांनी भरली आणि टेप संपत आली तेव्हा बायकोची चौकशी केली. हिंगणघाटच्या एका गृहस्थांना एकच गाणं दोन्ही बाजूंना, परत परत भरून हवं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, सासऱ्याला भेट द्यायची आहे. धंद्यात जास्त विचारू नये हे मी त्या दिवशी शिकले.

कॅसेटवरून कॅसेट भरायला दोन यंत्रं लागतात. एक वाजवतं, दुसरं भरतं. माझ्याकडे वाजवणारं जुनं होतं, भरणारं नवं. आणि स्टॅबिलायझर एक. ज्यांच्या घरी चोवीस तास सरळ वीज येते त्यांच्यासाठी सांगते: स्टॅबिलायझर म्हणजे व्होल्टेज खाली-वर झालं तरी यंत्राला ते कळू न देणारी पेटी. ती मी अर्थातच नव्या यंत्राला लावली होती. जुनं सरळ भिंतीतल्या प्लगवर. या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

एका मे महिन्यात निसर्गोपचार केंद्राचे डॉक्टरसाहेब दुकानात आले. केंद्र सेवाग्रामच्या रस्त्याला. तिथे पोटावर आणि डोळ्यांवर मातीच्या पट्ट्या ठेवून लोकांना निजवून ठेवायचे. एका परदेशी पाहुणीने त्यांना एक कॅसेट दिली होती आणि ती केंद्राच्या टेपरेकॉर्डरने चावली होती. मी चुरगळलेली फीत काढली, सरळ केली, तर चारच मिनिटं वाचली. लावून बघितली. नुसता ऊऽऽ असा आवाज. मी थांबवून हेड स्पिरिटने पुसलं, परत लावली. परत ऊऽऽ.

“ही खराबच झाली आहे, डॉक्टरसाहेब.”

“नाही हो, ती अशीच आहे.”

“यात गाणं नाही?”

“नाही.”

“तबला?”

“नाही.”

“मग आहे काय?”

“शांतता आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेली.” आणि वर म्हणाले, “आपल्याला अशी इथे करता येईल?”

मी हो म्हटलं. आधी हो म्हणायचं आणि मग कसं ते बघायचं, ही माझी पद्धत.

वर्ध्यात तेव्हा इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाजवणारा माझ्या ओळखीचा एकच माणूस, बंडू ढोक. तिशीचा, किडकिडीत, एकदा बोलायला लागला की थांबत नसे. त्याच्या बायकोचे थोरले भाऊ वसंतराव यांचा लग्नाचा बँड होता. बंडू बँडच्या गाडीवर बसून वरातीत नागिणीचा नाच वाजवायचा. एकेका लग्नात आठ-आठ वेळा. मी त्याला ती चार मिनिटं ऐकवली.

“ताई, हे तं वाजवनं चालू व्हायच्या आधीचं हाय! आमी सूर लावतो तसं.”

“मंग तसंच वाजव. फक्त चालू होऊ नको.”

दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं. तेवढ्या वेळात पंखा बंद करून आम्ही रेकॉर्डिंग केलं. मे महिन्यातला वर्ध्याचा पंखा बंद करणं म्हणजे काय ते वर्धेकरांना सांगायला नको. बंडूने युक्ती काढली होती: एक पट्टी दाबायची आणि तिच्या फटीत आगकाडी खोचायची. सूर चालूच राहायचा आणि दोन्ही हात मोकळे व्हायचे, एक वाजवायला आणि एक घाम पुसायला. समोर मनगटी घड्याळ ठेवून त्याने प्रत्येक बाजूला बरोबर पंचवीस मिनिटं वाजवलं.

कॅसेटी भरायला मी दुपारीच बसायची. कॅसेट भरताना आवाज बंद ठेवते; यंत्रावरचा आवाज दाखवणारा काटा हलतो की नाही तेवढं बघायचं. तर बघते काय, बाजू पार भरत आली तरी काटा हलतोच आहे.

“बंड्या, पंचवीस म्हनला होता. तीस भरून राह्यले.”

“ताई, घड्याळ लावून वाजवलं मी!”

“मंग घड्याळ दाखव कोणाले तरी.”

बिचाऱ्याने खरंच दाखवलं. घड्याळजीने ते उघडून, पुसून, बरोबर आहे म्हणून परत दिलं.

कॅसेटचं नाव ‘विश्रांती’. कव्हरवर कमळ हवं होतं, पण आमच्या प्रेसकडे सगळे ठोकळे लग्नपत्रिकांचे; तेव्हा कलश छापला. आणि ती कॅसेट अशी काही चालली की आम्ही दोघं येडे व्हायचे बाकी राहिलो. केंद्रातले रोगी घरी जाताना घेऊन जायचे. दवाखान्यातल्या नर्सा ड्यूटी संपली की यायच्या. एका बाईंची म्हैस तिच्यावर पान्हा सोडते असं कळलं. हायवेवरच्या जाम गावच्या चौकातल्या ढाबेवाल्याने मात्र परत आणून दिली, म्हणाला, “ट्रकवाले चहा पिऊन उठतच नाही जी. खाटा खाली होत नाईत.” ती तक्रार मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. त्यापेक्षा चांगली जाहिरात मला सुचली नसती.

लोक म्हणायचे, पाण्यावर पडल्यासारखं वाटतं, कोणीतरी हळूहळू हलवत असल्यासारखं. बंडू ऐकून लाजायचा. मी त्याला म्हटलं, “बँड सोड. दुसऱ्या भागाच्या तयारीले लाग.”

त्याने सोडला. बायकोला न विचारता सोडला. पुढच्या सगळ्या हकिकतीत माझा जीव टांगणीला लागला तो या एका वाक्यापायी. सोड म्हणणारी मी होते.

वसंतराव दुकानाशी येऊन बोलून गेले. भरघोस मिशा, आवाज बँडवाल्याचा. “काय जवाईबापू, आता लोकायले झोपवता? वरातीत नाचवनं कमी वाटलं? झोपवा, झोपवा. माही बहीण उपाशी झोपली नाई पायजे, एवढं पाहाजो.” जावई म्हणून मान ठेवायचा आणि त्याच तोंडाने सोलायचं, हे त्यांना छान जमायचं.

बंडूने दुसऱ्या भागासाठी आठ महिने मेहनत केली. मीही केली. पहिल्या कॅसेटच्या जोरावर मी दुसरा स्टॅबिलायझर घेतला, जुन्या यंत्राला लावला आणि त्याला झेंडूचा हार घातला. नावावरून आमचं वाजलं. बंडूला ‘अनंत लहरी’ पाहिजे होतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक अनंत मागायला येत नाही, भाग दोन मागायला येतं. ‘विश्रांती, भाग दोन’ ठरलं. कलश तोच.

फेब्रुवारीत पहिली प्रत भरली. या वेळी बाजूच्या शेवटी पाच मिनिटं कोरी राहिली. मी परत कटकट केली, बंडूने परत घड्याळाची शपथ घेतली. प्रत केंद्रात पाठवली. रविवारी तिथे मोठं शिबिर सुरू व्हायचं होतं, बाहेरगावचे लोक येणार होते, आणि पंधरा कॅसेटी हव्या होत्या.

मंगळवारी डॉक्टरसाहेब स्वतः ती घेऊन परत आले. सभ्य माणूस, खुर्चीच्या कडेवर बसले.

“आवडली नाही?” मी विचारलं.

“वाजवलंय चांगलं. पण लोक पाय हलवायला लागले.”

“कोणी झोपलं नाही?”

“झोपले होते ते उठले. आमचे एक वयस्कर पाहुणे, डोळ्यांवर मातीची पट्टी, तसेच उठून बसले आणि म्हणाले, वरात कुठवर आली?”

बंडू कोपऱ्यात उभा होता.

ही बातमी संध्याकाळच्या आत वसंतरावांकडे पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर. “जवाईबापू, शुक्रवारी देवळीचं लग्न हाय. चार वाजता गाडी घेऊन येतो. तोवर जमलं तं जमलं. नाई जमलं तं पेटी अन् तुमी, दोघंय गाडीवर बसा. नागीण वाट पाहून राह्यली.”

बंडूने मान हलवली. ते गेल्यावर मला म्हणाला, “ताई, बसतोच मी. माह्यात एकच कॅसेट होती, ती निंगून गेली.”

मला हे असलं बोलणं खपत नाही. रेडिओ बंद पडला तर आपण त्याला रडत बसतो का? चालू असलेला दुसरा शेजारी ठेवतो आणि फरक शोधतो. मी म्हटलं, पहिला भाग लाव. तर लक्षात आलं, दुकानात मूळ रेकॉर्डिंग आहे, विकलेली प्रत एकही नाही. बंडूकडेही नाही, त्याच्या घरी टेपरेकॉर्डरच नव्हता. म्हणजे जी कॅसेट अर्ध्या जिल्ह्याने ऐकली ती आम्ही दोघांनी कधी ऐकलीच नव्हती. तो वाजवून मोकळा झाला होता आणि मी काटा बघून.

शेजारी कमलबाई गजभिये यांची पिठाची गिरणी. दिवसभराच्या खडखडाटानंतर कान शांत करायला त्यांनी ‘विश्रांती’ घेतली होती. ती मागून आणली, लावली.

खोल, संथ सूर. विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मधेच किंचित खाली जायचा, परत वर यायचा, झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

बंडू म्हणाला, “हे कोण वाजवून राह्यलं?”

“तू.”

“मी नाई, ताई. ह्या मानसाले कशाचीच घाई नाई.”

मी घड्याळाकडे बघत होते. बाजू तीस मिनिटं चालली. मग मूळ रेकॉर्डिंग नव्या यंत्रावर लावलं. पंचवीस. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

मे महिना. दुपारची वेळ. सगळ्या वर्ध्याचे कूलर चालू. व्होल्टेज पार खाली. माझं वाजवणारं जुनं यंत्र भिंतीतल्या प्लगवर, म्हणून रडतखडत, हळू चाललेलं. भरणारं नवं यंत्र स्टॅबिलायझरवर, म्हणून बरोबर चाललेलं. फीत हळू फिरली की सूर लांबतो आणि खोल जातो. हळू वाजलेलं ते बरोबर भरलं गेलं, आणि पंचवीस मिनिटांची झाली तीस. एकेक कूलर चालू-बंद होईल तसा सूर हलला. आणि दुसऱ्या भागाला मी हार घातलेला स्टॅबिलायझर लावून सगळं बरोबर करून टाकलं!

मी इतकी हसले की बाकावर बसावं लागलं. बंडू हसला नाही.

“म्हंजे लोकायले आवडलं थे मी नाई. कूलर हाय.”

“वाजवलं तूच. उशीर कूलरनं केला,” मी म्हटलं. “आता तो उशीर परत आणाचा हाय. ऊठ.”

फेब्रुवारीत कूलर कुठून आणायचे? सगळे माळ्यावर. पण रेडिओच्या दुकानात ओळीने बल्ब जोडायचा एक बोर्ड असतो. त्यातून वीज नेली की यंत्राला कमी मिळते. गुरुवारी सकाळी जुन्या यंत्राचा स्टॅबिलायझर काढला, हारासकट बाजूला ठेवला आणि मधे बल्ब घातला. शंभरचा घातला, काही फरक नाही. साठचा, थोडासा. शेवटी झिरोच्या बल्बाचा थोरला भाऊ, पंधराचा. यंत्राने लगेच मान टाकली आणि सूर विहिरीत उतरला.

“उतरला!” मी म्हटलं.

बंडूने कान लावला. “उतरला, पन मेला. हलून नाई राह्यला.”

त्याचं बरोबर होतं. नुसताच खोल, सपाट आवाज. तेवढ्यात शेजारी कमलबाईंनी गिरणी सुरू केली. माझा बल्ब मिणमिणला आणि सूर सावकाश खाली गेला, थांबला, आणि हळूच वर आला. बंडू ओरडलाच. ओरडत तो गिरणीत गेला आणि मी त्याच्या मागे.

“कमलबाई, आता काय केलं तुमी?”

“काय केलं म्हंजे? ज्वारी टाकली.”

“परत टाका!”

जात्यात धान्य पडलं की मोटरवर भार येतो, ती जास्त वीज ओढते आणि शेजाऱ्याचं व्होल्टेज खाली जातं. मला हे माहीत होतं. दहा वर्षं मी याच कारणासाठी कमलबाईंशी भांडत होते.

मग जे झालं ते वर्ध्याच्या संगीताच्या इतिहासात कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या दोन दुकानांच्या मधे, ओट्यावर, बंडू उभा. एक कान माझ्या स्पीकरकडे, एक हात कमलबाईंकडे. हात वर केला की कमलबाईंनी ज्वारी सोडायची, खाली केला की थांबायचं. हात हळू फिरवला की मुठीने, बारीक धार. त्याप्रमाणे मी दुसऱ्या भागाच्या मूळ रेकॉर्डिंगवरून नवं उतरवून घेत होते; पुढच्या पंधरा प्रती त्याच्यावरून भरायच्या. गिरणीत डबे घेऊन सात-आठ बाया उभ्या.

“कमलबाई, काऊन एवढ्या हळू?” एकीने विचारलं.

“थांब जरा. शांती दळून राह्यली.”

“मले भाकरी थापाच्या हायेत, शांती नाई पायजे!”

“तुह्याच ज्वारीची चालली हाय, माय. नाव छापाले सांगतो तुहं.”

पहिली बाजू एका पायलीत झाली. दुसऱ्या बाजूला मधेच ज्वारी संपली, तेव्हा एका बाईंनी आपले गहू पुढे केले. जाणकारांनी ऐकून बघावं. दुसऱ्या बाजूचा शेवट जरा जड आहे, तो गव्हाचा.

डॉक्टरसाहेबांनी रविवारी पंधराच्या पंधरा कॅसेटी घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात आणखी मागितल्या. बंडू त्यानंतर बँडच्या गाडीवर चढला नाही. आता त्याचा की-बोर्डचा क्लास आहे, आणि पोरांना तो पहिले सहा महिने चालूच होऊ देत नाही म्हणतात. तिसरा भाग करायचा होता. पण गल्लीतल्या लोकांनी व्होल्टेजसाठी अर्ज केला आणि वीज मंडळाने चौकात नवी डीपी बसवली. आता कमलबाईंनी पोतं ओतलं तरी माझा बल्ब हलत नाही. अर्जावर पहिली सही माझी होती. दुसरी कमलबाईंची. हातात असलेल्या वाद्याची आम्हालाच किंमत नव्हती.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते शुक्रवारचं. दुपारचे चार. दुसरी की तिसरी प्रत भरून झाली होती, आणि या वेळी शहाणे होऊन आम्ही ती लावून ऐकत होतो. दारात बँडची गाडी थांबली. सोनेरी दोऱ्यांचा लाल कोट घातलेले वसंतराव उतरले. मागे ढोलवाले, क्लॅरिनेटवाले, सगळे रस्त्यावर.

“चला जवाईबापू. पेटी बांधा.”

बंडूने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “वसंतराव, पाच मिनिटं बसा. चहा मागवते.”

“पाच म्हंजे पाचच. देवळीवाले खोळंबले हायेत.”

ते बाकावर बसले. टोपी मांडीवर ठेवली. “हे काय लावलं हाय?” म्हणाले. “यात काई ठेकाच नाई,” म्हणाले. चहा आला, निवला. टोपी मांडीवरून घरंगळली आणि भरघोस मिशा श्वासाबरोबर वर-खाली व्हायला लागल्या, थेट कमलबाईंच्या ज्वारीच्या तालात.

बाहेर क्लॅरिनेटवाला डोकावला, हाताने खूण करून वेळ विचारून गेला. बंडूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसू दाबत होता की काय ते मी विचारलं नाही. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “ताई, उठवू का त्यायले?”

मी घड्याळ बघितलं. अजून अकरा मिनिटं होती.

“राहू दे,” मी म्हटलं. “बाजू संपू दे.”